पुडी भिजता कामा नये

दिंडी मुक्कामाला पोचते तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात एकच धांदल उडते. सामानाचा ट्रक पुढे येऊन थांबलेला असतो. कुणी आपलं बोचकं शोधतं, कुणी टँकरच्या नळाखाली पाय धरतं, स्वयंपाकाची मंडळी चुलीसाठी आडोसा बघतात. या गर्दीत एक माणूस भिंतीला हात लावत फिरत असतो. कुठे ओल आहे, कुठे गळतंय, वारा कोणत्या बाजूनं पाऊस आत आणेल, याचा तो अंदाज घेतो. सगळ्यात कोरडा कोपरा सापडला की गळ्यातला मृदंग उतरवून गोधडीत गुंडाळून तिथे ठेवतो. स्वतःचं अंथरूण मग उरलेल्या जागेत.

बीड जिल्ह्यात मृदंग वाजवणाऱ्या माणसाचा आषाढ असा जातो. वर्षभर तो गावोगावच्या सप्ताहांत वाजवतो, पण वारी ही त्याची खरी परीक्षा. तिथे रंगमंच रोज बदलतो, दिवसभर तर तो पायाखालून सरकतच असतो. छप्पर मिळालं तर मिळालं. वाद्य लाकडाचं आणि कातड्याचं, आणि सोबतीला जून-जुलैचं आभाळ.

आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या मोठ्या पालख्यांपैकी तीन बीड जिल्ह्याची माती तुडवून जातात. शेगावहून निघालेली संत गजानन महाराजांची पालखी गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडते आणि परळी, अंबाजोगाई करत पुढे सरकते. ही पायी वारी १९६८ साली सुरू झाली. सातशेच्या आसपास वारकरी, सगळे पांढऱ्या वेषात, हातात टाळ-पताका, रांग इतकी सरळ की बघणाऱ्याला कवायत आठवावी. दुसरी पालखी संत मुक्ताबाईंची. ती खानदेशातल्या मुक्ताईनगरहून येते, त्यामुळे फार लवकर घर सोडते. गेवराईकडून ती बीड शहरात शिरते तेव्हा आजोबा आणि नातीच्या भेटीचा सोहळा होतो. मुक्ताबाई आणि ज्ञानदेवादी भावंडांचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी बीडमध्ये आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या नातीला आजोळी नव्हे तर आजोबांच्या दारी आणून उभं करायचं आणि तिथे टाळ-मृदंगाचा गजर करायचा, हा मान त्या वाटेवरच्या वादकांचा.

तिसरी पालखी पैठणच्या संत एकनाथांची, म्हणजे नाथांची. ज्येष्ठ वद्यात ती पैठण सोडते आणि अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट अठरा-एकोणीस दिवसांत चालते. रायमोहा, पाटोदा, पारगाव घुमरे ही तिच्या वाटेवरची बीड जिल्ह्यातली गावं. पारगाव घुमरे इथे रिंगण होतं. मोकळ्या रानात माणसांचं कडं उभं राहतं, मधून पताका धावतात, विणेकरी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात. मृदंगवाल्यालाही धावावं लागतं, तेही वाजवत. पोटावर लाकडाचं खोड, दोन्ही हात त्यावर अडकलेले, तोल सांभाळायला एकही हात रिकामा नाही. पहिल्यांदा वारीला आलेला पोरगा इथे हमखास धडपडतो आणि जुने वादक हसत त्याला उठवतात.

दिंडीतलं वाद्य कसं वाजतं, हे समजून घ्यायचं तर आधी त्याची घडण बघावी लागते. वारकरी ज्याला मृदंग म्हणतात तोच शास्त्रीय मैफलीतला पखवाज. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळतं होत गेलेलं एकाच लाकडाचं पोकळ खोड. खैर किंवा शिसवाचं लाकूड चांगलं मानतात. दोन्ही तोंडांवर बकऱ्याच्या कातड्याच्या पुड्या. उजवी पुडी लहान, तिच्या मधोमध लोहकिसाची काळी शाई. तिच्यावर घासूनपुसून बसवलेला थर जितका नीट, तितका सूर स्वच्छ. डावं तोंड मोठं. त्याला धूम म्हणतात आणि तिथे कायमची शाई नसते. वाजवायला बसण्यापूर्वी गव्हाची ओली कणीक तिथे थापतात, तेव्हा कुठे तो खोल, पोटातून आल्यासारखा नाद निघतो. दोन्ही पुड्या चामड्याच्या वाद्यांनी, म्हणजे पट्ट्यांनी, ताणून बांधलेल्या असतात. वाद्यांखाली लाकडी गठ्ठे सारलेले असतात. गठ्ठा हातोडीनं खाली ठोकला की ताण वाढतो, सूर चढतो. वर ठोकला की उतरतो.

आता या सगळ्यावर पाऊस पडला, असं धरा. कातडं ओल धरतं, सैल पडतं, सूर खाली येतो. वादक गठ्ठे ठोकून ताण वाढवतो. तासाभरात ऊन पडतं, कातडं वाळून आखडतं आणि वाढवलेला ताण आता जास्त होतो. अशा वेळी पुडी उसवते किंवा फाटते. म्हणून ओल्या पुडीवर घाईनं हातोडी चालवायची नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा म्हणजे ती विस्तवाशी नेऊन शेकायची नाही. कोरड्या फडक्यानं टिपायची, वाऱ्यावर ठेवायची, वाट बघायची. दिंडी थांबत नाही, म्हणून शहाणा वादक एक पुडी किंवा दुसरा मृदंगच ट्रकमध्ये ठेवतो. चालताना मृदंगावर प्लास्टिकचा कागद असतोच. दोन्ही तोंडं उघडी ठेवून बाकी अंग झाकायचं, आणि सर कोसळलीच तर वाजवणं थांबवून कागद ओढायचा. अशा वेळी दिंडी नुसत्या टाळांवर चालते.

अलीकडे चामड्याच्या वाद्यांऐवजी नायलॉनची दोरी आणि नट-बोल्टवर कसलेले मृदंग आले आहेत. पान्यानं दोन आटे फिरवले की सूर मिळतो, ओलीत वादी ताणली जाण्याची भानगड नाही. जुन्या वादकांचं त्यावर फारसं प्रेम नाही, पण पावसात चालणाऱ्या कित्येक दिंड्यांत हेच वाद्य दिसतं.

पावसाशी असलेलं हे नातं बीडमध्ये जरा अवघडच आहे. हा पर्जन्यछायेतला जिल्हा. वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि ती गाठली जाईल याचीही खात्री नाही. वारीत चालणाऱ्यांपैकी अनेकांनी पेरणी उरकून किंवा भावावर टाकून घर सोडलेलं असतं. सर आली की दिंडी आनंदानं ओरडते, बायका फुगडी धरतात. मृदंगवाला शेतकरीच असतो, त्यालाही तो पाऊस हवा असतो. फक्त त्या क्षणी तो कागदाची टोकं दाताखाली धरून गाठ मारत असतो.

मुक्काम टाकण्याची कला या जिल्ह्याला शिकवावी लागत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यापर्यंत साखर कारखान्यांच्या आसपास कोपी करून राहतात. पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी, तीन दगडांची चूल, पहाटेच्या अंधारात थापलेल्या भाकरी. त्यांतलीच काही माणसं आषाढात दिंडीत दिसतात. ताडपत्रीला उतार कुठे द्यायचा, पालाभोवती चर किती खोल काढायचा, ओल्या लाकडावर चहा कसा उकळायचा, हे त्यांच्या हातात असतं. दिंडीला हे कौशल्य फुकट मिळतं. जेवणाखर्चासाठी प्रत्येक जण ठरलेली भिशी भरतो. बाकी सोय गाव करतं. कुठे पिठलं-भाकरी, कुठे आमटी-भात. राहायला शाळा, मंदिर, मंगल कार्यालय. काहीच नसेल तर राहुटी.

मोठ्या सोहळ्यांत या राहुट्यांचीही परंपरा आहे. संत तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजचं शिस्तबद्ध रूप दिलं. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले, लष्करी चाल जवळून पाहिलेले गृहस्थ. दिंड्यांचा क्रम, मुक्कामांची आखणी, तळाची रचना यांत ती छाप दिसते. बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून माउलींचा अश्व येतो, तंबूही त्यांच्याकडूनच येतो. त्या तळावर संध्याकाळी समाजआरती होते, तेव्हा संगीताचा एक विलक्षण उपयोग बघायला मिळतो. सगळ्या दिंड्या टाळ-मृदंग वाजवत गोळा होतात. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि हजारो टाळ एकदम गप्प होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, तर ती दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकतो, निवाडा होतो. मग तेही टाळ थांबतात. लेखी अर्ज नाही, भाषण नाही. गाऱ्हाणं तालात मांडायचं.

चालत्या दिंडीत वाद्यं तीनच: वीणा, टाळ, मृदंग. पेटी मुक्कामाच्या कीर्तनाला. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे विणेकरी, त्यामागे तुळस आणि पाण्याची कळशी घेतलेल्या बायका. भजनाचा क्रमही ठरलेला. पहाटे काकडा. चालायला लागलं की मंगलाचरण, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळ. पुढे गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, आणि सूर्य कलला की हरिपाठ. हे सगळं पाठ असावं लागतं, कारण हातात टाळ असताना वही धरता येत नाही.

या क्रमात मृदंगवाल्याचं काम दिसतं त्यापेक्षा नाजूक आहे. बहुतेक भजन आठ मात्रांच्या ठेक्यात चालतं. हा ठेका घरी बसून कुणीही महिनाभरात शिकेल. रस्त्यावर मात्र त्या ठेक्यावर शेकडो पावलं पडत असतात. लय थोडी चढली तर पुढची तरणी पोरं उड्या मारत निघतात आणि मागच्या म्हाताऱ्या माणसांची धाप लागते, रांग तुटते. लय पडली तर उन्हात पाय जड होतात. म्हणून चांगला वादक समोर बघत वाजवत नाही. तो मधूनमधून मान वळवून मागची रांग बघतो. सर्वात मागच्या आजीचं पाऊल ज्या लयीला पडतंय, ती त्याची लय. चढ आला की ठेका सैल सोडायचा, सपाटीला लागलं की आवळायचा, गाव दिसलं की दुगुण. वेशीवर लोक आरती घेऊन उभे असतात, तेव्हा त्याला थोडी मोकळीक मिळते. तेवढ्यात तो दोन-चार लग्ग्या, एखादी तिहाई वाजवून घेतो.

हे शिक्षण मिळतं कुठे? बीड जिल्ह्यात त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘सप्ताहात’ असंच येतं. अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवसांचं गावजेवण आणि सात दिवसांचं गाणं. मंडपात वीणा उभी राहते ती सात दिवस खाली ठेवली जात नाही. गावकरी पाळीपाळीनं पहारा देतात. पहाटे काकडा, सकाळी पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, कीर्तनानंतर जागर. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. मृदंग वाजवणारा आठवडाभर त्याच गावात मुक्काम ठोकतो. कुणाच्या माळवदावर, मारुतीच्या पारावर किंवा मंडपातच मृदंगाची उशी करून झोपतो. जागर संपेपर्यंत अर्धी रात्र सरते आणि चारला काकड्यासाठी कुणीतरी हलवून उठवतं.

कीर्तनात त्याची कसोटी निराळी. कीर्तनकार निरूपण करत असतो, मृदंग गप्प. दृष्टान्त टोकाला पोचतो, कीर्तनकार हात उचलतो आणि मागचे गायक चाल उचलतात. त्या पहिल्या अक्षरालाच थाप पडली पाहिजे. कीर्तनकार आज वेगळे, उद्या वेगळे. प्रत्येकाची थांबायची तऱ्हा वेगळी. आधी तालीम झालेली नसते, काही वेळा ओळखही मंडपातच होते. कुठल्या शब्दावर माणूस थांबणार, हे वादक त्याच्या श्वासावरून ओळखायला शिकतो. मंडपात कोपऱ्यात बसलेली आठ-दहा वर्षांची पोरं मांडीवर हात आपटत हे सगळं टिपत असतात. पुढे त्यांतली काही आळंदीला जातात. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, आणि त्या संस्थेशी बीडचं नातं जुनं आहे. नेकनूरचे बंकटस्वामी जोग महाराजांचे शिष्य. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचे भगवानबाबा बंकटस्वामींच्या सहवासातून आळंदीला गेले. भगवानबाबांनी पुढे गावोगाव फिरणारा नारळी सप्ताह रुजवला. दरवर्षी नवं गाव, नवा मंडप, आणि त्या निमित्तानं नव्या पोरांच्या कानावर पडणारा मृदंग.

याच मातीतून एक घर मैफलीच्या व्यासपीठावर पोचलं. अंबाजोगाई तालुक्यातलं आपेगाव हे पखवाजाचं गाव म्हणून ओळखलं जातं ते शंकरबापू आपेगावकर यांच्यामुळे. भजन-कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या बापूंनी पखवाज एकलवादनाच्या मंचावर नेला. भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू आपेगावकर यांनी तो वारसा देश-परदेशांत नेला. कीर्तन आणि मैफल यांच्यातली ही वाट महाराष्ट्रात नवी नाही. ज्यांच्या नावानं पखवाजाचं पानसे घराणं ओळखलं जातं ते नाना पानसे वाईजवळच्या बावधनचे. कीर्तनाच्या घरात वाढले, बनारसला शिकले आणि इंदूरच्या दरबारी मानाला चढले. सभागृहात पखवाजिया चौतालाचे बोल उलगडतो तेव्हा श्रोते शांत बसून ऐकतात. दिंडीत त्याच वाद्यापुढे एकही श्रोता नसतो. ऐकणारा प्रत्येक जण गात असतो, टाळ वाजवत असतो किंवा निदान चालत तरी असतो. त्यामुळे तिथला हात उघडा, जोरकस. बारीक बोलांना जागा कमी.

जगात इतरत्रही लोकसंगीताच्या उत्सवांत तंबू ठोकून राहण्याची रीत आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विनफिल्ड इथे १९७२ पासून वॉलनट व्हॅली उत्सव भरतो. तिथले जाणकार सांगतात की खरं संगीत मंचावर नव्हे, तंबूंच्या तळावर रात्रभर चालतं. अनोळखी माणसं गिटार, बँजो, फिडल घेऊन एकमेकांच्या तंबूत जातात आणि वाजवायला बसतात. नाथांच्या पालखीबरोबर चालणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. रात्री जेवणं उरकली की इथेही राहुटीत भारूड रंगतं. हा प्रकार मराठीत गाजवला तो नाथांनीच (१५३३–१५९९). गोंधळी, जोशी, वासुदेव, विंचू चावलेली बाई अशी रस्त्यावरची पात्रं त्यांनी भारुडात आणली. पदर खोचून, कुंकवाचा मळवट भरून एखादा मिशीवाला वारकरी ‘बाई’ होतो, आणि दिवसभर शिस्तीत आठ मात्रा सांभाळणारा मृदंगवाला इथे हात मोकळे सोडतो. पात्र कंबर हलवेल तिथे थाप, अडखळेल तिथे अडखळती थाप. प्रेक्षकांना ‘बुरगुंडा’ या भारुडानं हसवणारे मराठवाड्याचे भारूडकार निरंजन भाकरे २०२१ मध्ये करोनानं गेले. त्यांच्या गाण्याची नक्कल करणारं कुणी ना कुणी अशा राहुटीत निघतंच.

करोनाची ती दोन वर्षं वाद्यांनाही कठीण गेली. २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारी झाली नाही. मानाच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटीनं पंढरपूरला गेल्या. सप्ताह बंद, कीर्तनं बंद. मृदंगवाल्याचं उत्पन्न सप्ताहाच्या बिदागीवर असतं, त्यामुळे अनेकांच्या घरात फक्त शेतीचा आधार उरला. वारीत तर पैशांचा प्रश्नच नसतो, तिथे वादक सेवा म्हणून वाजवतो आणि भिशीही भरतो. २०२४ मध्ये राज्य सरकारनं आषाढी वारीतल्या दिंड्यांसाठी प्रत्येकी २० हजार रुपयांचं अनुदान जाहीर केलं. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं मानधन योजना आहे, तिची रक्कम महिन्याला ५ हजार रुपये करण्यात आली. मात्र त्यासाठी आपण कलावंत आहोत याचे पुरावे जोडावे लागतात. ज्यानं तीस वर्षं मंडपात वाजवलं आणि एकाही पत्रिकेत स्वतःचं नाव छापून घेतलं नाही, त्याची तिथे पंचाईत होते.

मुक्कामाच्या शाळेत आता अंधार पडलाय. व्हरांड्यातल्या बल्बभोवती पावसाळी किडे जमलेत. कीर्तनाला अजून वेळ आहे. मृदंगवाला गोधडी उलगडतो, उजव्या पुडीवर एक टिचकी मारतो, कान लावतो. सूर अर्धा पाऊण उतरलाय. हातोडी काढून तो एकेका गठ्ठ्यावर हलकेच ठोका देतो, पुन्हा टिचकी, पुन्हा ठोका. मग उठून स्वयंपाकाच्या ताडपत्रीकडे जातो. परातीत उद्या पहाटेच्या पोळ्यांची कणीक तिंबणं चाललेलं असतं. त्याला बघताच कणीक मळणारी बाई न विचारता मुठीएवढा गोळा तोडून पुढे करते. परत येता येता तो गोळा तळव्यावर चपटा करतो, धुमेवर थापतो, कडा बोटानं दाबून बसवतो आणि थाप मारून बघतो. शाळेच्या भिंतीला तो नाद आदळतो, तशी दूरवर पाय चेपत बसलेली मंडळी टाळ शोधायला लागतात.